पावसाळ्यापासून मोजायचं वर्ष: मुंबईच्या शेडमधली हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक यंत्रणा कशी सांभाळावी

जुलैतल्या कुठल्याही सकाळी शेड उघडलीत की आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखाली बादली ठेवा आणि ड्रेन कॉक हळूच सोडा. गंजाच्या रंगाचं पाणी फुसफुसत बाहेर येईल, आणि किती वेळ येत राहील याचं पहिल्यांदा बघणाऱ्याला नवल वाटतं. हिशेब सोपा आहे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. १०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाला साधारण १७० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे वाफेच्या रूपात चार लिटर पाणी ओढतो. ही हवा ७ किलो प्रेशरला दाबून ४० अंशांपर्यंत थंड झाली की त्यातलं जेमतेम एक लिटर पाणी वाफ म्हणून राहू शकतं. बाकीचे तीन लिटर टाकीत, पाइपात, व्हॉल्व्हमध्ये, सिलिंडरमध्ये कुठेतरी उतरणारच. आठ तासांच्या शिफ्टला २४ लिटर झाले, पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या जारपेक्षा जास्त.

कुर्ला, अंधेरी, भांडुप अशा ठिकाणच्या शेडमध्ये मी तेलाच्या दाबावर (हायड्रॉलिक) आणि हवेच्या दाबावर (न्यूमॅटिक) चालणाऱ्या मशीनचं बरीच वर्षं मेंटेनन्स केलं. पंप गेला, सील फुटलं, स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) अडकला असं रोज कानावर येतं, पण खोलून बघितलं की बहुतेक वेळा मुळाशी पाणी नाहीतर कचरा सापडतो. मशीनच्या पुस्तकात तासांप्रमाणे वेळापत्रक दिलेलं असतं आणि ते पाळायलाच हवं. पण आपल्या शहरात चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा असतो, ते पुस्तकात धरलेलं नसतं. म्हणून मी मेंटेनन्सचं वर्ष मे महिन्यापासून मोजतो: मेमध्ये पावसाची तयारी, पावसात रोजची नजर, आणि पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या आधी मोठी सफाई.

हात लावण्याआधी

शेडमध्ये आपण ‘किलो’ म्हणतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब. बार जवळपास तेवढाच. १०० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये १०० किलो प्रेशर असेल तर रॉडवर पावणेआठ टनांच्या वर जोर येतो. मोटर बंद केली म्हणून हा जोर संपत नाही. व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये तेल कोंडलेलं राहतं, वर लटकलेला रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा भाग, त्याच तेलावर टेकलेला असतो.

म्हणून क्रम ठरवून घ्या आणि घाई असली तरी मोडू नका. रॅम खाली आणा. खाली आणता येत नसेल तर लोखंडी टेकू लावा, लाकडी ठोकळ्यावर भरवसा नको. मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मग व्हॉल्व्हचं हाताने दाबायचं बटण दोन्ही बाजूंनी दाबून कोंडलेलं प्रेशर सोडा आणि गेज शून्यावर आलाय हे डोळ्यांनी बघा. त्यानंतरच पाना लावा, आणि नटही आधी अर्धा आटाच सैल करून क्षणभर थांबा.

अॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी, गॅस भरलेली टाकी) असेल तर तो वेगळा रिकामा करावा लागतो, कारण पंप थांबल्यावरही त्यात ताकद साठलेली असते. त्यात फक्त नायट्रोजन भरायचा. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा कधीही नाही. दाबाखाली तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. गॅसचं प्रेशर तपासताना तेलाच्या बाजूचं प्रेशर शून्य हवं, नाहीतर गेज तेलाचंच प्रेशर दाखवेल.

हवेच्या मशीनला कमी लेखू नका. त्याच १०० मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये ६ किलो हवा पावणेपाचशे किलोचा धक्का देते. लाइन रिकामी करून काम केलंत की हवा पुन्हा सोडताना सगळ्यांना बाजूला करा, कारण सिलिंडर झटक्यात पहिल्या जागी उडी मारतो.

आणि एक गोष्ट हेल्परला पहिल्याच दिवशी सांगा. होजमधून, म्हणजे तेलाच्या रबरी नळीतून, बारीक फवारा उडतोय असं वाटलं तर हाताने चाचपायचं नाही. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा दूरून फिरवायचा, तो ओला होईल तिथे गळती आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सुटलेलं तेल हातमोजा आणि कातडी फाडून आत शिरतं. वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट सुजून काळं पडतं. असं झालं तर मलम लावून शिफ्ट पुरी करू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं तेल आत गेलंय.

तेल: बॅरलपासून टाकीपर्यंत

बॅरल अंगणात उभं ठेवलेलं दिसलं की मला राहवत नाही. वरच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री थंड होताना आत ओढ बसते, आणि बूच घट्ट असलं तरी आट्यांतून थोडंथोडं पाणी आत जातं. बॅरल छपराखाली आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका पातळीत येतील असं, म्हणजे बुचं तेलाखाली बुडालेली राहतात. आडवं ठेवायला जागा नसेल तर थोडं तिरकं करा, म्हणजे पाणी बुचांपासून लांब साचेल.

नवीन तेल स्वच्छ असतं हा समज सोडून द्या. माणसाच्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही, आणि स्पूल व बॉडी यांच्यामधली फट मोजक्याच मायक्रॉनची असते. म्हणजे जो कचरा आपल्याला दिसत नाही तोच मशीन अडवतो. टाकीत तेल भरताना १० मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून, पंपाने भरा. नरसाळं आणि फडका हे फिल्टर नव्हेत. तेलाचा ग्रेड, म्हणजे जाडेपणाचा आकडा, मशीनवर लिहिलेला असेल तोच, बहुतेक ठिकाणी ४६ किंवा ६८. दोन कंपन्यांची तेलं एकमेकांत मिसळू नका.

टाकीच्या झाकणावरचा ब्रीदर, म्हणजे हवा येण्या-जाण्याची जाळी, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. सिलिंडर बाहेर गेला की टाकीतलं तेल खाली जातं आणि तेवढीच बाहेरची हवा आत येते, दिवसभर, हजारो वेळा. जाळी फाटलेला ब्रीदर पावसाळ्यात ओलावा आणि एरवी ग्राइंडिंगची धूळ सरळ तेलात सोडतो. जमेल तिथे सिलिका जेलचा ब्रीदर बसवा. त्यातल्या दाण्यांचा रंग बदलला की तो बदलायचा. जूनमध्ये बसवलेला ऑगस्टपर्यंत टिकेलच असं धरू नका, रोज नजर टाका.

रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी काचेतून पातळी बघा आणि तेलाचा रंग बघा. दर महिन्याला, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला, काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं तेल काढून खिडकीत ठेवा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर दोन शक्यता असतात. तासाभरात ते खालून वर निवळत गेलं तर आत हवा होती. तसंच गढूळ राहिलं किंवा तळाला थर बसला तर पाणी आहे. खात्रीसाठी लोखंडी पट्टी दीडशे अंशांच्या आसपास तापवून त्यावर तेलाचा एक थेंब टाका, चेहरा लांब ठेवून आणि चष्मा लावून. फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडलं तर पाणी नक्की. हे पाणी पावसाचंच असेल असंही नाही. पाण्यावर चालणाऱ्या कूलरची नळी आतून फुटली तरी तेल असंच होतं. कूलर सोडवून प्रेशर टेस्ट करा, नाहीतर बदललेलं तेलही आठवड्यात पांढरं होईल.

तेलाचं तापमान ४५ ते ५५ अंशांत असावं. ६० च्या वर सतत राहत असेल तर कारण शोधा: कूलरच्या पंख्यावर धूळ, टाकीत तेल कमी, किंवा रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) तेल सतत परत पडणं. त्यापुढे दर १० अंशांना तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होत जातं.

तेल बदलायचं तर मशीन चालवून, तेल कोमट असताना काढा, म्हणजे तळाचा गाळ त्याच्याबरोबर येतो. टाकीचं झाकण उघडून आतून पुसताना कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे पंपाच्या तोंडच्या गाळणीत, म्हणजे स्ट्रेनरमध्ये, जाऊन बसतात. आमचे जुने मिस्त्री कणकेचा घट्ट गोळा मळून आणायचे. टाकीच्या तळावर, कोपऱ्यांत, वेल्डिंगच्या कडांवर तो दाबत फिरवायचे. पाच मिनिटांत पांढरा गोळा राखाडी व्हायचा आणि उजेडात धरला की त्यात पितळेचे आणि लोखंडाचे कण चमकायचे. कुठलाही फडका हे काम इतक्या नेमकेपणाने करत नाही. कणीक संपली की नवा गोळा घ्या, तो स्वच्छ निघेपर्यंत, आणि शेवटी आत कणकेचा कपचाही राहिलेला नाही हे बॅटरीच्या उजेडात बघा. गोळ्यात पितळ जास्त दिसलं तर पंपाच्या आतल्या भागांची झीज सुरू झालीय असं समजा.

स्ट्रेनर धुऊन, रिटर्न फिल्टर नवा लावून तेल भरा. पिस्टन पंप असेल तर त्याच्या बॉडीतही तेल ओता. मोटर आधी क्षणभर चालवून फिरण्याची दिशा बघा. केबलचं काम झाल्यावर फेज उलटा जोडला गेला तर पंप उलटा फिरतो आणि तेलाशिवाय थोड्याच वेळात घासून जातो. रिलीफ व्हॉल्व्ह सैल ठेवून पंधरा-वीस मिनिटं बिनप्रेशर चालवा, सिलिंडर दोन-चारदा मागेपुढे न्या, मग प्रेशर हळूहळू चढवा.

काढलेलं तेल गटारात सोडू नका. ते नाल्यातून मिठी नदीत आणि तिथून खाडीत जातं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसालाच द्या आणि पावती ठेवा.

होज, सांधे आणि रॉड

होजवर छापलेली रेघ सरळ दिसली पाहिजे. ती पिळाच्या जिन्यासारखी फिरलेली असेल तर होज पिळून बसवलाय आणि तो फेरूलजवळ (टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) फुटणार. वरचं रबर तडकून आतली तार दिसली, फुगा आला किंवा फेरूलपाशी तेलाचा ओलावा दिसला की त्याच दिवशी बदला. बनवल्यापासून सहा वर्षं झालेला होज बाहेरून चांगला दिसला तरी काढावा. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात होज क्रिम्प करून (टोकाची फिटिंग दाबून बसवून) घेताना जुना तुकडा बरोबर न्या, प्रेशर सांगा, आणि नवा होज आतून हवेने साफ करून, दोन्ही तोंडांना टोप्या लावून घ्या. कापताना पडलेला रबराचा भुगा आतच असतो.

सरळ आट्यांच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय मोडा. तिथे डाउटी वॉशर (आतून रबराची कड असलेला धातूचा वॉशर) किंवा ओ-रिंग सील करते. टेपचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बसतात आणि मग दोन दिवस कॉइल बदलत बसावं लागतं. सील घेतानाही तेलाचा प्रकार आणि तापमान सांगून घ्या, नुसतं माप देऊन नको.

रॉडचं क्रोम म्हणजे आरसा. समुद्राची हवा त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते, आणि प्रत्येक स्ट्रोकला तो खड्डा सीलवर कानशीसारखा घासतो. गणपतीला किंवा दिवाळीला शेड चार दिवस बंद राहणार असेल तर सगळे रॉड आत घेऊन ठेवा. जो आत घेता येत नाही त्याला तेलाचा हात द्या. नखाला ओरखडा लागत असेल तर सील बदलून उपयोग नाही, आधी रॉडचं काम करा.

प्रेशर येत नाही तेव्हा

पहिला हात रिलीफ व्हॉल्व्हच्या स्क्रूकडे जातो, आणि तोच आवरायचा. झिजलेल्या पंपाचं दुखणं स्क्रू आवळून झाकलं तर पुढे होज किंवा सिलिंडर जातो. आधी ऐका. पंपातून उंच, सतत शिट्टीसारखा सूर येत असेल तर त्याला तेल पुरत नाहीये: स्ट्रेनर तुंबलाय, सक्शनचा होज आत चिमटलाय किंवा तेल फार जाड आहे. डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट आणि टाकीत फेस असेल तर सक्शनमधून हवा शिरतेय. सक्शनच्या प्रत्येक सांध्यावर ऑइल कॅनने तेल सोडा, ज्या सांध्यावर आवाज बदलेल तो गुन्हेगार.

मग तापमानाची बंदूक घेऊन फिरा. जिथून तेल आतल्या आत गळतं तो भाग शेजारच्यांपेक्षा गरम असतो, मग तो रिलीफ व्हॉल्व्ह असो की सिलिंडर. रॅम आपोआप खाली सरकत असेल तर प्रत्येक वेळी सिलिंडरच दोषी नसतो. आडव्या सिलिंडरची परीक्षा सोपी आहे: रॉड पूर्ण बाहेर टोकाला नेऊन, प्रेशर सोडून रॉडच्या बाजूचा होज काढा, होजच्या तोंडाला प्लग मारा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली डबा धरा. मागच्या बाजूला कमी प्रेशर द्या. पोर्टमधून तेल येत राहिलं तर पिस्टन सील गेलंय. नाही आलं तर व्हॉल्व्हकडे वळा. उभ्या प्रेसवर हे टेकूशिवाय करायचं नाही.

हवेची लाइन

रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा थंड करून सुकवणारं यंत्र) दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, ३ अंशांच्या आसपास आणतो. वरच्या हिशेबातलं उरलेलं लिटरभर पाणी त्यामुळे सव्वाशे मिलिलिटरवर येतं. पण त्याच्या कंडेन्सरवर धूळ बसली किंवा तो भट्टीशेजारी ठेवला तर नुसता दिवा पेटतो, पाणी तसंच पुढे जातं. ऑटो ड्रेनवर विसंबू नका, टेस्टचं बटण रोज दाबून बघा. कॉम्प्रेसरच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्हही ठराविक दिवशी तपासा आणि टाकीची तपासणी सक्षम व्यक्तीकडून मुदतीत करून घ्या. आतून गंजलेली टाकी बाहेरून ओळखू येत नाही.

मेन पाइपाला पुढच्या दिशेने शंभरला एक असा उतार द्या, टोकाला ड्रेन ठेवा, आणि मशीनकडे जाणारा फाटा पाइपाच्या वरच्या अंगाने वळवून खाली आणा. खालून काढलेला फाटा म्हणजे पाण्याला सरळ मशीनचा रस्ता.

एफआरएलचा (हवा गाळणारा, प्रेशर ठरवणारा आणि तेल देणारा संच) पारदर्शक वाडगा थिनर किंवा पेट्रोलने धुऊ नका. पॉलिकार्बोनेटला आतून चिरा पडतात आणि प्रेशरखाली तो फुटतो. साबणाचं पाणी पुरे. लुब्रिकेटरमध्ये ३२ ग्रेडचं तेल, मिनिटाला एक-दोन थेंब. ज्या व्हॉल्व्हला कंपनीने ग्रीस भरून दिलंय त्याला तेल देऊ नका. एकदा दिलं की मूळ ग्रीस धुऊन जातं आणि पुढे कायम द्यावं लागतं.

व्हॉल्व्हच्या सायलेन्सरमधून सतत फुसफुस येतेय? हवा बंद करून, लाइन रिकामी करून सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन्ही ट्यूब काढा, व्हॉल्व्हच्या पोर्टना प्लग लावा आणि हवा पुन्हा सोडा. फुसफुस थांबली तर सिलिंडरचं सील गेलंय, चालूच राहिली तर व्हॉल्व्हचं.

गळतीकडे पैसे म्हणून बघा. ७ किलोवर ३ मिलिमीटरचं एक भोक वीसेक सीएफएम हवा वाया घालवतं आणि त्यामागे सुमारे साडेतीन किलोवॅट वीज जाते, रात्रंदिवस. रविवारी सगळी मशीन बंद, लाइन चालू ठेवून मोजा: कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता). १०० सीएफएमचा कॉम्प्रेसर दीड मिनिट लोडवर आणि साडेदहा मिनिटं अनलोडवर असेल तर बारा मिनिटांतली दीड मिनिटं, म्हणजे साडेबारा सीएफएम गळती. मग साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन प्रत्येक पुश फिटिंगवर फिरा. पीयूच्या (प्लॅस्टिकच्या) ट्यूबवर उंदरांचे दात लागलेले असतात, तेही बघा.

शेडमध्ये पाणी शिरलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कुर्ल्याच्या एका शेडमध्ये फिटर होतो. पाणी पॉवर पॅकच्या (तेलाची टाकी, मोटर आणि पंप यांचा संच) ब्रीदरच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर मोटर वाळवल्या, आणि ऑर्डर अडकल्या होत्या म्हणून तेल न बदलता मशीन सुरू करायला सांगितलं गेलं. काचेत दुधाच्या चहासारखं तेल दिसत होतं. दोन दिवसांत पंप बसला, आणि खोलल्यावर प्रत्येक स्पूलवर गंजाची तांबूस साय होती. आधीच थांबलो असतो तर फक्त तेल गेलं असतं.

पाणी शिरलं असेल तर स्विच दाबूच नका, पंप हातानेही फिरवू नका. टाकी तळाच्या प्लगपासून पूर्ण रिकामी करा, होज सोडून लाइन निथळा, व्हॉल्व्ह खोलून त्याच दिवशी तेलात बुडवून ठेवा. टाकी पुसा, फ्लशिंगसाठी स्वस्त पण त्याच ग्रेडचं तेल भरून बिनप्रेशर फिरवा, ते काढा, फिल्टर बदला, मग खरं तेल. सखल भागातल्या शेडमध्ये मेमध्येच पॉवर पॅक दोन-तीन फूट उंच चौथऱ्यावर घ्या.

दसऱ्याच्या आधी

पाऊस थांबला की मोठी सफाई: तेलाचा नमुना, फिल्टर, ब्रीदर, मोटर-पंप जोडणाऱ्या कपलिंगचा रबर स्पायडर, फाउंडेशन बोल्ट, अॅक्युम्युलेटरचा गॅस, गळतीची रविवारची मोजणी. प्रत्येक मशीनची वही ठेवा आणि तिच्यात प्रेशर, तापमान आणि सायकलचा वेळ लिहा. मार्चमध्ये ८ सेकंदांची सायकल सप्टेंबरमध्ये ११ सेकंदांवर गेली तर पंप झिजलाय हे वहीच सांगते, ब्रेकडाउनच्या कितीतरी आधी.

खंडेनवमीला मशीन धुताना पाण्याचा पाइप पॉवर पॅकवर आणि रॉड पुसणाऱ्या वायपर सीलवर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. हळद-कुंकू प्रेसच्या चौकटीला लावा, आणि झेंडूचा हारही तिथेच बांधा. टाकीच्या झाकणावर ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्या मी दिवाळीनंतर सक्शन स्ट्रेनरमधून काढलेल्या आहेत.